पहिला तोडा देवीचा

"माती कुठलीही असो," नाना गच्चीवरून म्हणाले, "ती शेवटी मातीच असते. तिला देश नसतो, भाषा नसते, पासपोर्ट नसतो. ज्याला माती कळली तो जगाच्या पाठीवर कुठेही पीक काढू शकतो."

हे वाक्य त्यांनी एक हात कठड्यावर ठेवून, रायपूरच्या अख्ख्या ब्राह्मणपाऱ्याच्या पाण्याच्या टाक्यांकडे पाहत उच्चारलं. टाक्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मागे सुनीतीबाई दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या. त्यांनी तोंडातला चिमटा काढला.

"मग आपली तुळस काहून मरून राहिली दरवर्षी?"

"ती कुंडी आहे. मी जमिनीबद्दल बोलून राहिलो."

"जमीन कुठं आहे आपली?"

जमीन होती. फक्त ती कॅनडात होती, कॅलगरी नावाच्या गावात, शिशिरच्या घराच्या मागच्या अंगणात. नानांच्या मते मुलाची जमीन ती बापाची जमीन, आणि तिथे काय पेरायचं ते बापाने रायपूरहून सांगायचं. शिशिरने तिथे लाकडी फळ्या ठोकून वाफे केले होते. नाना त्यांना 'खोके' म्हणत.

शेतीचा अधिकार नानांकडे कसा आला हेही सांगायला हवं. नाना शेतकी खात्यात होते, आवक-जावक टेबलावर. बियाण्यांची, खतांची, किडींची जेवढी म्हणून पत्रं त्या खात्यात आली आणि गेली तेवढी सगळी नानांच्या हाताखालून गेली. वाचली नाहीत, पण गेली. पुढे ऑफिस नवा रायपूरला हललं आणि त्याच वर्षी नाना निवृत्त झाले. आपल्याशिवाय ते ऑफिस तिथे रुळणार नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. ऑफिसने तसं काही कळवलं नाही.

आता मूळ दुखणं. नानांच्या घरी महालक्ष्म्या बसत. भोसल्यांच्या राज्यात पूर्वज नागपूरकडून इकडे आले तेव्हापासूनची ही रीत. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा यायच्या, तीन दिवस राहायच्या, पुरण खायच्या, आंबील प्यायच्या आणि सोळा भाज्यांची एक भाजी खायच्या. या थाटात स्वयंपाक सुनीतीबाईंचा, साड्या नेसवणं सुनीतीबाईंचं, सवाष्णी बोलावणं सुनीतीबाईंचं. नानांकडे एकच खातं होतं, सोळा भाज्या आणायच्या. त्या दिवशी ते पहाटे दोन पिशव्या घेऊन शास्त्री बाजारात जात आणि विजयी मुद्रेने परत येत. चौदा भाज्या मिळाल्या आणि पंधरावी सापडत नाही, अशा वेळी नाना जे काही करत त्याच्या हकिगती घरात वर्षभर चालत.

गेल्या हिवाळ्यात सुनीतीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, आता खाली बसणं नाही. शिशिर सुटीवर आला होता. सुनीतीबाईंनी एका दुपारी देवीचे मुखवटे मऊ धोतरात गुंडाळले आणि त्याच्या बॅगेत ठेवले. "आता तुमच्या घरी बसवा," त्या म्हणाल्या. झालं. महालक्ष्म्या कॅनडात गेल्या. नानांना कोणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. भाज्या तर कॅलगरीतही मिळतात.

हे नानांना झोंबलं. देवी गेली त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त हे, की आपल्याविना गेली. मग त्यांनी ठरवलं. यंदा सोळाच्या सोळा भाज्या शिशिरच्या अंगणात पिकतील, नानांच्या देखरेखीखाली. बाजारची एकही नाही.

"बाजारची नको?" सुनीतीबाईंनी विचारलं. "इथं आयुष्यभर बाजारचीच आणली ना तुम्ही?"

"तेव्हा परिस्थिती निराळी होती."

पेरणीचा मुहूर्त नानांनी अक्षय तृतीया सांगितला. त्या दिवशी सकाळी फोन लावला तर शिशिर अंगणात गमबूट घालून उभा, हातात फावडं.

"पेरलं?"

"बाबा, बर्फ काढून राहिलो आहे अजून."

"उन्हाळ्यात?"

"इथं नाही आला ना उन्हाळा."

नानांनी मान हलवली. रायपुरात तेव्हा पारा असा चढला होता की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आंघोळीला चालत नव्हतं, चहाला चाललं असतं. ज्या देशात अक्षय तृतीयेला बर्फ असतो तिथल्या लोकांच्या शिस्तीबद्दल नानांना पहिल्यापासून शंका होती, ती पक्की झाली.

पुढच्या अडचणी एकापाठोपाठ एक आल्या. मटार उन्हाळ्यात लावणार म्हटल्यावर नाना भडकले. मटार हे पौषातलं पीक, उन्हात जळेल. शिशिर म्हणाला, इथलं ऊन म्हणजे आपला पौषच. मग रात्री नऊला ऊन दिसलं तेव्हा नानांना वाटलं शिशिर जुना व्हिडिओ दाखवून राहिला. दोडकं, कारलं, गवार तिथल्या थंडीत येत नाही म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच मार्ग काढला. सोळा पाहिजेत, पण त्या कोणत्या पाहिजेत असं देवीने कधी सांगितलेलं नाही. त्यामुळे नवलकोल, सलगम, पालकासारखं चार्ड असली मंडळी पात्र ठरली. झुकिनी नावाच्या भाजीला त्यांनी दोडक्याची मावसबहीण म्हणून मान्यता दिली. केल मात्र त्यांना शेवटपर्यंत पटला नाही.

"हा कोबी आहे का?" त्यांनी पडद्याला नाक लावून विचारलं.

"केल आहे बाबा," गंधाली म्हणाली. गंधाली म्हणजे शिशिरची बायको, माहेर रायपुरातलंच, शंकर नगरचं, नोकरी दवाखान्यात आणि शेतीचं खरं काम तिच्याच गळ्यात.

"याला गड्डा काहून नाही?"

"नसतो याले."

"मग काढून टाक. गड्डा नाही तो कोबी कसला?"

"हव बाबा," गंधाली म्हणाली. केल तिथेच राहिला.

इथवर ठीक होतं. खरा घोळ नानांच्या पुढच्या फर्मानाने झाला.

घरची एक जुनी रीत होती, पहिला तोडा देवीचा. दारात वेल असेल तर त्याचं पहिलं फळ देवीपुढे ठेवायचं. ब्राह्मणपाऱ्यात दारात वेल नव्हताच, त्यामुळे ही रीत पाळणं सोपं जात होतं. आता अख्खा मळा हाताशी आल्यावर नानांनी तिचा अर्थ लावला. महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवेपर्यंत वाफ्यातलं पानसुद्धा तोडायचं नाही. कोणीच नाही. नातीने, ईरानेही नाही.

"बाबा, महालक्ष्म्या भाद्रपदात आहेत," गंधाली म्हणाली.

"म्हणूनच सांगून राहिलो."

"आणि यंदा अधिक महिना आला आहे. म्हणजे अजून एक महिना उशीर."

"अधिक महिन्यात तर नेम आणखी कडक पाळतात."

तिकडे संध्याकाळ झाली की इकडे नानांची सकाळ व्हायची. चहाचा कप कठड्यावर ठेवून ते रोज तपासणीला बसत. गंधाली किंवा शिशिर फोन घेऊन अंगणात जात आणि वाफा दाखवत. वाफ्याची दशा दिवसेंदिवस बघवत नव्हती. पालक कमरेपर्यंत वाढून फुलावर आला. मुळे जमिनीतून वर येऊन फाटले. मटाराच्या शेंगा वेलावर वाळून खुळखुळ्यासारख्या वाजू लागल्या. झुकिन्या आधी काकडीएवढ्या होत्या, मग भोपळ्याएवढ्या झाल्या, मग लोडाएवढ्या झाल्या आणि पाठीला घेऊन बसावं अशा पडून राहिल्या.

"बाबा, पालक कडू झाला," गंधाली म्हणे. "तोडू का?"

"नाही."

"मुळ्यात लाकूड भरलं."

"देवीला दात आहेत."

खाली चहाच्या टपरीवर अच्युतराव रोज वाट पाहत असत. अच्युतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना नानांची कॅनडातली शेती फार आवडली होती.

"काय नाना, तिकडं पाऊसपाणी कसं?"

"वेळेवर आहे."

"रोजगार मिळून राहिला ना मजूर लोकांना?"

"मजूर कशाले? घरची माणसं आहेत."

"तेच म्हणतो. घरच्या माणसांले सुटी देत जा एखादा दिवस."

नाना चहा अर्धा टाकून उठत. घरी आले की सुनीतीबाई. त्या खुर्चीवर बसून, गुडघे पुढे पसरून, भाजी निवडत असत आणि काही बोलत नसत. त्यांचं ते काही न बोलणं नानांना जास्त खटकायचं. एवढ्या विध्वंसावर ही बाई गप्प कशी, याचा त्यांनी विचार करायला हवा होता. पण ते स्वतःच्या तळमळीत होते. आपण सोळा भाज्या वाचवून राहिलो की मारून राहिलो हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालं होतं, आणि माघार घ्यावी तर एकुलतं खातंही हातचं जाणार.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि तिकडच्या रेडिओने सांगितलं, रात्री पारा शून्याखाली जाणार, बर्फाचीही शक्यता आहे.

त्या दिवशी फोन शिशिरने केला. "बाबा, आता तरी तोडू द्या. शेजारीपाजारी सगळे तोडून राहिले. टमाटे हिरवे तर हिरवे, घरात पिकतील."

नाना गच्चीत येरझारा घालू लागले. दोन दिवस. फक्त दोन दिवस राहिले होते. सगळा उन्हाळा गंधालीचं ऐकलं नाही, अच्युतरावांचं ऐकून घेतलं, आणि आता दोन दिवसांसाठी नेम मोडायचा?

"झाका," ते म्हणाले. "चादरी टाका. जुन्या साड्या टाका. तिची भाजी आहे, ती पाहून घेईल."

"बाबा, बर्फाचा भार..."

"झाका म्हटलं ना."

शिशिरने झाकलं. रात्री बर्फ पडला.

तिकडे सकाळ झाली तेव्हा इकडे दिवेलागण होती. फोन लागला. पडद्यावर आधी काहीच दिसेना, सगळं पांढरं. मग त्यात सुनीतीबाईंच्या जुन्या हिरव्या पातळाचा एक काठ दिसला. शिशिरने पातळ उचललं. खाली टमाटे काळे पडून लोंबत होते, फरसबीची दोरखंडं झाली होती आणि लोडाएवढ्या झुकिन्या हाताने दाबल्या तर बोट आत जात होतं.

नाना खुर्चीवर बसले.  सुनीतीबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी आपणहून पंखा लावला.

"सोळांतली एकही नाही," नाना म्हणाले. "एकही नाही राहिली. एवढं एक काम होतं माझ्याकडे."

"बाबा, असं नका बोलू," शिशिर म्हणाला.  बोलता बोलता तो फावडं शोधायला शेडमागे गेला आणि फोन हातात तसाच चालू राहिला.

नानांना शेडमागचं अंगण पहिल्यांदाच दिसलं. तिथे वाफे होते. एक नाही, ओळीने तीन. त्यांच्यावर पेंढा व्यवस्थित अंथरलेला होता. एका वाफ्यात गाजराचे हिरवे शेंडे बर्फातून वर आले होते. दुसरा स्वच्छ मोकळा, माती नीट सारखी केलेली. तिसऱ्यात केल उभा होता, बर्फाची टोपी घालून, अगदी खुशाल.

"थांब," नाना म्हणाले.

शिशिर थांबला. फोन उलटा करावा हे त्याला सुचलं, पण उशिरा.

"हे कोणाचे वाफे?"

"आपलेच."

"मग भाज्या कुठं गेल्या?"

शिशिरला लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "खाल्ल्या."

"आणि मी रोज सकाळी कोणता वाफा पाहून राहिलो होतो?"

"तो तुमचा वाफा होता, बाबा."

नानांनी मान वळवून सुनीतीबाईंकडे पाहिलं. सुनीतीबाई पंख्याकडे पाहत होत्या.

"तुले माहीत होतं."

"मीच सांगितलं गंधालीले, जूनमधे," सुनीतीबाई म्हणाल्या. "एक वाफा त्यांच्यासाठी ठेव म्हटलं, बाकीचं तोडून लेकराले खाऊ घाल. देवीशी मी बोलते म्हटलं."

"काय बोललीस देवीशी?"

"ते आमचं आमचं आहे."

एवढ्यात गंधाली पडद्यावर आली. तिला सगळं कळलं होतं.  फोन घेऊन ती तळघरात उतरली, तिथला मोठा फ्रीझर उघडला आणि एक खण दाखवला. त्यात छोट्या पिशव्या ओळीने लावल्या होत्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं. मटार, पालक, फरसबी, चार्ड, नवलकोल.

"पहिला तोडा देवीचाच ठेवला, बाबा," ती म्हणाली. "प्रत्येक भाजीचा. हा वरचा खण तिचा. मगच आम्ही खाल्लं. गाजर, बीट, केल अजून जमिनीत आहे, ते नैवेद्याच्या दिवशी ताजं काढते. बर्फ लागला की ते गोड होते."

नाना चूक शोधू लागले.  रीत मोडली म्हणावं तर अक्षराला धरून पाळली होती. बाजारची आणली म्हणावं तर सगळी घरची. पंधरावी भाजी सापडली नाही म्हणावं तर सोळा मोजून पिशव्या आणि जमीन मिळून भरत होत्या. आवक-जावक टेबलावरच्या माणसाला एकाच गोष्टीची भीती असते, प्रकरण आपल्या टेबलावर न येता परस्पर पुढे जाण्याची. नेमकं तेच झालं होतं, आणि त्यांच्या टेबलावर रोज सकाळी एक बनावट वाफा ठेवला जात होता.

"मी काही परवा बसणार नाही फोनवर," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही करा."

"अहो..." सुनीतीबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही. माझी गरज नाही तिथं."

दुसऱ्या दिवशी टपरीवर अच्युतरावांनी विचारलं, "काय नाना, पीक हाती आलं का?"

"आलं," नाना म्हणाले. खरंच आलं होतं, म्हणूनच त्यांना ते सांगताना इतका त्रास झाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे सुनीतीबाई उठल्या तेव्हा नाना आंघोळ करून, सोवळं नेसून तयार. फोन पाटावर, तांब्याला टेकवून उभा केलेला. कोणी काही विचारू नये अशा चेहऱ्याने ते उदबत्ती लावत होते.  सुनीतीबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

पडदा उजळला. कॅलगरीची बैठकीची खोली होती, खिडकीबाहेर बर्फ. दोघी मखरात बसल्या होत्या, नाकात नथ, अंगावर नव्या साड्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परदेशात आल्याची काहीही खूण नव्हती. पुढे पानात पुरण, वडे, आंबील आणि मधोमध ती भाजी. गंधालीने वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. लालसर हिरवी, दाट, वर खोबरं.

"सोळा?" नानांच्या तोंडून निघून गेलं.

"सोळा, बाबा. मोजून घ्या."

नानांनी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर भरल्या असत्या, याची त्यांना खात्री होती.

"बाबा," गंधाली म्हणाली, आणि पदर सावरून जरा पुढे आली. "आरती तुम्हीच सुरू करा. आमच्या दोघांले चाल नाही येत. तुमच्याशिवाय कसं होईल?"

शिशिरने मान डोलावली. घरात त्यांनी बोलावलेल्या चारपाच मराठी बायकाही हात जोडून पडद्याकडे वळल्या. सगळे नानांची वाट पाहत होते. नानांनी सुनीतीबाईंकडे एक नजर टाकली. बघितलं? असं त्या नजरेत होतं. मग त्यांनी घंटा उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या ब्राह्मणपाऱ्याला जाग येईल अशा आवाजात आरती धरली.

तिकडेही टाळ्या सुरू झाल्या. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला तिकडच्या बायका पुढे गेल्या आणि नानांचा आवाज त्यांच्यापर्यंत मागून पोचला. बायका थबकल्या, नानांसाठी थांबल्या. त्यांचं थांबणं नानांना उशिरा दिसलं, म्हणून नानाही थांबले. मग सगळ्यांनी एकदम सुरू केलं, वेगवेगळ्या ओळीवरून. टाळ्यांचा ताल शिशिरच्या हातून सुटला. आवाज कमी पडतो आहे असं समजून नानांनी पट्टी चढवली. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, हातातली घंटा जोरजोरात. इतक्या दिवसांचा सगळा कडू पालक, सगळे लाकडी मुळे त्या आवाजातून बाहेर पडत होते. तिकडे एकीला हसू आवरेना, गंधाली निरांजन हातात घेऊन नुसती उभी राहिली.

मग पडद्यावर ईराचा चेहरा आला, अगदी जवळ, इतका की फक्त कपाळ आणि टिकली दिसत होती. रायपूर सोडताना ती पाच वर्षांची होती, आणि आजी-आजोबांशी हिंदीतच बोलायची तिची सवय अजून गेली नव्हती. ती हळू आवाजात म्हणाली,

"आजोबा, आप गाते रहना, बस थोड़ा म्यूट कर लो ना."